कागदाभोवतीचं कडं

३ जून १९५७
मिरजेहून सकाळच्या गाडीनं आले. मंगळवार पेठेतलं हे इस्पितळ लहान, वीस खाटांचं. पण प्रयोगशाळा वेगळी आहे आणि आजपासून ती माझी! त्र्यंबकराव डॉक्टरांनी स्वतः किल्ली हातात दिली. राहायची सोय मागच्या बोळात नीलम्मांकडे झाली. घरात त्या एकट्याच. नीलम्माबाई म्हटलेलं त्यांना चाललं नाही. अक्का म्हणायचं, असं बजावून त्यांनी तिसरी भाकरी वाढली.

८ जून
तापाची साथ इथंही पोचली. काहींना तापामागून न्यूमोनिया होतो. माझं काम ठरलेलं. खाटेपाशी वाकून घशातला नमुना घ्यायचा, काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध पेनिसिलिनमध्ये भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कागदाभोवती मोकळं कडं दिसलं, की औषध लागू. आजच्या चारही बशांत कडं चांगलं रुंद होतं. वॉर्डात रोग्यांची अंगं पुसणाऱ्या धोंडुबाई बघायला आल्या. एवढ्याशा जागेत हे राहतात तरी कसे, म्हणून हसल्या.

१७ जून
आकाराम, गुळाच्या अडतीतला हमाल. ताप उतरला होता, घरी जायचा होता. चार दिवसांपूर्वी खोकला सुरू झाला. त्याच्या बशीत जंतूंचे सोनेरी ठिपके थेट कागदाला भिडलेत. कडंच नाही. पुन्हा बशी केली, तेच. डॉक्टरांनी पेनिसिलिन दुप्पट केलं. दुपारी तो गेला.

२१ जून
आणखी तिघे गेले. तेच ठिपके. तिघेही बरे होत आलेले, म्हणजे हा जंतू त्यांना इथंच मिळाला. डॉक्टर म्हणाले, तो आपल्यापैकी कुणाच्या तरी नाकात बसलाय आणि त्या माणसाला स्वतःला काही होत नाही. सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. धोंडुबाईंचा हात सगळ्या रोग्यांना लागतो म्हणून बशा तयार व्हायच्या आधीच त्यांना घरी पाठवलं. जाताना माझ्यापुढं उभ्या राहिल्या.
"माझ्या हातनं मान्सं मेली म्हंता व्हय, ताई?"
मी बशांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

२३ जून
बारा बशा. डॉक्टर, नर्सा, धोंडुबाई. त्या जंतूचा एकीतही पत्ता नाही.
तेरावी माझी. सोनेरी. कागदापर्यंत.

२५ जून
पुन्हा केली. तीच.
कुणाकुणावर वाकले ते आठवत बसले. सगळ्यांवरच. डॉक्टरांना सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग नाकात घालायला मलम दिलं, कामावर येऊ नका म्हणाले.

२७ जून
अक्का खोकतेय. मी वेगळी खोली बघते म्हटलं, तर रागावली. या जंतूवर चालेल असं नवं औषध पुण्याहून मागवलंय. रडू येत नाही. तिच्या कपाळाला हात लावून ताप बघावा वाटतं — हात लावत नाही.

२९ जून
अक्का सकाळी गेली. औषध दुपारी आलं.

२ जुलै
धोंडुबाईंना त्यांच्या बशीचा निकाल अजून कुणी कळवला नव्हता. मीच गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून, पदर नाकाशी धरून सांगितलं — तुमचा दोष नव्हता, माझा होता. माझ्या नाकात आहे ते. जवळ येऊ नका.
त्यांनी डोळे पुसले.
"असं कुटं असतंय व्हय? तुमी मुद्दाम केलं न्हाय की. आत या. पोरीला ल्योक झालाय, बगा तरी."
नको म्हणत होते. त्यांनी बाळ हातांत ठेवलंच. दोन्ही हात गुंतले — पदर सुटला. बारा दिवसांचं. तोंड उघडून माझ्याकडे बघत होतं. मला शिंक येत होती. मान वळवली, पण वेळेवर वळली नाही.