साठावी सही

सौंदड, १४ सप्टेंबर २००९

चि. भुवनेश्वर यास जीजाजींचा आशीर्वाद. मुर्रीत सगळे खुशाल असाल आणि या पावसात तुझा गुडघा कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे धान पोटरीवर आलं आहे, मी ठीक आहे. तुझ्या बहिणीबद्दल खाली लिहितो.

तुझ्या योगेश्वरीचं कौतुक कोणत्या शब्दांत करू? नर्सिंगच्या संशोधनासाठी पोर महिनाभर आमच्याकडे राहिली. विषय असा, की धान रोवणाऱ्या बायांच्या अंगात रक्त कमी का असतं. मी म्हटलं, बाई, प्रश्न फार लहान झाला, समस्त स्त्रीजातीचं दुःख घे. तर म्हणे, तेवढं दुःख साठ बायांच्या बोटांतल्या थेंबांत मावत नाही. (चाळीस वर्षं वर्गात कविता शिकवली, पण एकही शब्द जास्त नसलेली अशी ओळ मला कधी सुचली नाही.)

साठ बायांची लेखी संमती हवी होती. मी एका दुपारी पानठेल्यावर बसून साठ सह्या जमवल्या. सगळे माझे जुने विद्यार्थी. कागद न वाचता, पाढे म्हणावेत तशा भराभर सह्या केल्या त्यांनी. माझे डोळे भरून आले. साठावी सही माझी, तुझ्या बहिणीकरता, म्हणजे रामबाईकरता. योगेश्वरीने गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "फुफाजी, रक्त बायांचं, अन् सही नवऱ्यांची काऊन?"

मग ती अकरा दिवस दारोदार फिरली. मला सोबत नेलं नाही. गुरुजी समोर बसले तर नाही कोण म्हणेल, असं तिचं म्हणणं. (माझा धाक अजून आहे हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटू नये, हे तिने नंतर समजावलं.) तिच्या संमतीपत्रात एक ओळ आहे, नकार दिल्यास कोणीही कारण विचारणार नाही. ती मला इतकी आवडली, की चौथीच्या कवितेच्या चालीवर मी ती अंगणात म्हणत फिरत असे.

शनिवारपर्यंत साठ झाल्या नाहीत तर तिच्या मॅडम काम परत करणार होत्या. एकोणसाठ झाल्या. उरली तुझी बहीण. रामबाईने पोरीकडून कागद दोनदा वाचून घेतला आणि नाही म्हणाली. मी तोंड उघडणार, तोच योगेश्वरीने माझ्याकडे बोट करून तीच ओळ म्हटली. चाल माझीच. शेवटी शेजारची शामकला राजी झाली आणि पोरीचं काम वेळेत गेलं.

तुझा,
मुन्नालाल

ता. क. पत्राचं खरं कारण हे. मला विचारता येत नाही, पण तू भाऊ आहेस. रामबाईने नकार काऊन दिला, ते हळूच काढून घे.

पुन्हा ता. क. विचारू नकोस. लिहिताना मी मोठ्याने म्हणतो, ते तिने चुलीपाशी ऐकलं. म्हणाली, "बेचाळीस वर्षांत पयल्यांदा कोणी मले इचारलं. लगेच हो म्हणून सपवू काऊन?"

आणखी एक. दसऱ्याला मुर्रीला यायचं का, असं मी तिला आज रीतसर विचारलं. विचार करून सांगते म्हणाली. तेव्हा स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. आम्ही येणार की नाही, हे अजून मलाच माहीत नाही.