थोडी बारीक झालीय म्हन

लाडके जये, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

फोनवर बोलले की तू स्पीकर लावतीस आन् आई सगळं ऐकती. म्हनून ही चिठ्ठी गावाकडं टेम्पो घेऊन निघालेल्या कल्याणकडं देते.

ऊसतोड बरी चाललीय. सुमन आन् मी, दोगी बिननवऱ्याच्या मिळून एक कोयता, म्हंजी तोडणीची एक जोडी. मुकादम म्हनला, "जोडप्यांपेक्षा तुमचाच ऊस आधी तोडून व्हतो." म्हनलं, आमाला भांडायला नवरा कुठं हाय?

परवा फडावर डॉक्टरीणबाई आल्ती. काट्यावर उभी केली आन् म्हनली, "मावशी, वजन ड्रास्टिकली कमी झालंय." म्हंजी काय इचारलं, तर थोडाथोडका न्हाई, एकदम टोकाचा फरक.

शब्द लई आवडला. तिला चहा दिला आन् म्हनलं, साखर ड्रास्टिकली कमी पडलीय. ती हसली. "मावशी, चमचाभर फरकाला असं नाही म्हणत." मग हसायची थांबली. "मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवा."

जये, मोळी डोक्यावर घेतली की अंधारी येती. थकले गं. जोडी मोडंल म्हनून अडले हुते, पर सुमनच म्हनली, "जा आधी."

माझी धनश्री अभ्यास करती का? आईचे गुडघे कसे हायेत?

मंगळवारच्या यष्टीनं येते. स्टँडवर तू एकलीच ये, आन् मला बघून रडू नको. आईला आधीच सांग, बायडा थोडी बारीक झालीय. थोडी म्हन. तो दुसरा शब्द काढू नको.

तुजी, अजून जिभेनं तिखट,
बायडा