रिकाम्या पिशव्या

प्रिय योगिनी,

मंगळवारची गोष्ट मी तुला फोनवर अर्धीच सांगितली. उरलेली तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते. तुझी श्रीनिधी बरी आहे, हे आधी वाच.

सकाळी हौदापाशी तिला गांधीलमाशी चावली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मी लगेच दवाखान्यात नेलं. इंजेक्शनने तासाभरात सगळं उतरलं. एवढं तुला ठाऊक आहे.

मी एकतीस वर्षं मानवतच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ॲलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशीच्या पोटात बारीक पिशव्या असतात, त्यांत अंग सुजवणारं हिस्टामिन. डंख झाला की त्या उघडतात. सांडलेल्यातलं थोडंफार पेशी परत ओढून घेते, पण पिशव्या पुन्हा भरायला दिवस लागतात. फळ्यावर ही पेशी इतक्यांदा काढली, की ती माझ्याच घरची वाटायची. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत इथेच राहू द्या, पुन्हा उठू शकतं. मी त्यांनाच शिकवायला लागले. रिकाम्या पिशव्यांतून पुन्हा काय सांडणार?

चार वाजता ती घरी ओसरीवर पडून होती. थकली असेल, म्हणून मी घड्याळ घेऊन नाडी पाहत बसले. सरजाबाई घासायची भांडी टाकून आली. म्हणाली, "बाई, मोजत काय बसलाव? लेकराचा गळा वाजायलाय." तिनेच उचललं, तिनेच ऑटो अडवला. मी चपला शोधत होते.

तिचा श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं, आवाज न चढवता. सगळ्या पेशी एकदम रिकाम्या होत नाहीत. काही तर नवी रसायनं बनवून तासांनी सोडतात. माझ्या जुन्या पुस्तकात हे नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर मी नवं उघडलं नाही.

डॉक्टरांनीच घरी सोडलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं. 'माझ्या जबाबदारीवर नेत आहे' असं लिहून मी सही केली. तुमच्या बदल्यांमुळे पोर दोन वर्षं माझ्याकडे राहिली. आई आहे म्हणून घोर नाही, असं तू म्हणायचीस. आता घोर कर. मी थकले आहे, योगिनी, आणि थकूनही मला सगळं येतं असं वाटतं. म्हणून तुझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तिला तुझ्याजवळ ठेव.

तुझीच,
आई

जीवनरावांच्या हाती दिलं: श्रीनिधी. तिचं दप्तर. इंजेक्शनं दोन, वापरायची रीत लिहून. डॉक्टरांची चिठ्ठी. मी सही केलेल्या कागदाची प्रत.