नाव दर्शनी बाजूला

सोमवार, २ जून
आज जाहीर करून टाकलं. १४ तारखेला यायानच्या कॉफीच्या दुकानात आम्हा सिंथेसायझरवाल्यांची बैठक. तिथं मी स्वतः बनवलेलं मोड्यूल, म्हणजे सिंथेसायझरचा आवाज काढणारा सुटा डबा, वाजवणार. इमासनं विचारलं, नाही वाजलं तर? म्हटलं, तर पुढची खोली तुझी. माझा पसारा हलवतो, खुशाल सेब्लाकचं, त्या तुझ्या झणझणीत रश्शातल्या पापडांचं, दुकान थाट. ती लगेच कबूल झाली. बायकोचा विश्वास असावा तर असा.

मंगळवार, ३ जून
मोड्यूलच्या तोंडावर बसायचं ॲल्युमिनियमचं पॅनेल आलं. सगळ्यात आधी त्यावर माझं नाव कोरून घेतलं. ‘एन्कुस’. ठसठशीत. बाकीचे मूर्ख आधी भोकं पाडतात आणि मग नावाला जागा शोधत फिरतात.

गुरुवार, ५ जून. सकाळ.
नॉब आणि जॅक विकत आणलेल्या सर्किट बोर्डावर डाख देऊन पक्के केले. तेवढ्यात यायानचा फोन. म्हणे, कांग, (दादा म्हणतो आणि वर अक्कल शिकवतो!) आधी सगळं पॅनेलमध्ये बसवा, नट आवळा, मग डाख द्या, नाहीतर जुळायचं नाही. याला सोल्डरिंग शिकवलं कुणी? मी! फोन आपटला.

दुपार.
भोकं पाडली. नावाला ओरखडा नको म्हणून पॅनेल पालथं घातलं, त्याच्या पाठीवर बोर्ड उताणा ठेवून खुणा केल्या आणि ड्रिल चालवलं. देखणं काम.

शनिवार, ७ जून
बोर्ड मागून लावला. बसत नाही. जिथं उजवीकडे नॉब, तिथं भोक डावीकडे! बोर्ड विकणाऱ्याला खरमरीत मेसेज पाठवला. भामट्यानं उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला. फक्त चेहरा.

रविवार, ८ जून
यायान आला. बघून हसतच सुटला. म्हणे, कांग, पालथ्या पॅनेलवर खुणा केल्यावर आरशातल्यासारखं उलटं होणारच. आता पॅनेलच फिरवून लावा, दोन मिनिटांचं काम. विचारलं, आणि माझं नाव? म्हणे, आत जाईल. आतल्या पार्टांना तरी कळेल मालक कोण ते. निर्लज्ज! वर इमासनं त्याला चहा दिला. दोनदा.

बुधवार, ११ जून
जमलं! सगळे नॉब-जॅक उपटले आणि बोर्डाच्या दुसऱ्या अंगानं लावले. बोट भाजलं, टेबलक्लॉथ जळला, पण भोकं जुळली आणि नाव दर्शनी बाजूलाच राहिलं. चालू केलं तर वाजलंही. नॉब फिरवून बघणार तोच इमासनं प्लग उपटून भाताचा कुकर लावला. या घरात कलेला एक सॉकेट मिळत नाही.

शुक्रवार, १३ जून
इमास पुढच्या खोलीत फीत धरून माप घेत होती. कशाला, तर म्हणे सहज. विश्वास म्हणे!

शनिवार, १४ जून. संध्याकाळ.
सुरुवात उत्तम. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, कांग, जरा कमी करा. नॉब डावीकडे फिरवला. आवाज वाढला. आणखी डावीकडे. दारात रेडा अडकल्यासारखं ऐकू यायला लागलं. लोक कानात बोटं घालून कमी करा, कमी करा. यायान बोंबलतोय, उजवीकडे फिरवा, उलट्या अंगानं लावलेला नॉब उलटाच चालणार! मला उजवं-डावं शिकवतोय! दात-ओठ खात नॉब पार डाव्या टोकाला नेला. स्पीकर फाटला. शांततेत एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. हलक्या दर्जाचे स्पीकर ठेवले की असंच होणार.

सोमवार, १६ जून
पुढच्या खोलीत सेब्लाक. रांग फाटकापर्यंत. मला कांदे चिरायला बसवलंय. डोळ्यांतलं पाणी कांद्यांचं आहे. पॅनेलची भोकं आकडे घालून झारे-पळ्या टांगायला अगदी बेतशीर आहेत, असं इमास म्हणते. तिनं ते चुलीमागच्या भिंतीला ठोकलंय. यायान दोन वाट्या हाणून गेला. जाताना तिला ताईचा मान देत म्हणाला, तेह इमास, आता कसं बरोबर बसलं.

जाऊन बघितलं. नाव भिंतीकडे.