प्रिंटर बिघडला नव्हता

दीपेश,

कपाळाची पट्टी बदलून आलास की आधी हे वाच, मग ओरड.

काल प्रिंटर बिघडला नव्हता. तू दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलंस तेव्हापासून मशीन चालू केलं तरी प्रिंटरला काम पाठवणारी प्रिंटची सेवा आपोआप सुरू होत नव्हती. रोज शटर उघडायच्या आधी मीच कमांड टाकून ती सुरू करायची. तुला वाटायचं, तुझं काम एकदम परफेक्ट आहे. काल मला ताप होता म्हणून दुकान तू उघडलंस. कॉलेजच्या मुली हॉलतिकिटासाठी थांबल्या होत्या आणि एकही प्रिंट येईना. आधी प्रिंटरला लाथ घातलीस. मग मीच काहीतरी करून ठेवलंय असं समजून वर घरात येऊन मला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत आणलंस. “बायको हाय का वैरीन?” म्हणत त्या मुलींसमोर माझं तोंड काउंटरवर आपटलंस. माझा दात तिथेच पडला. माझ्या हाताला मोठा स्टेपलर लागला, तो मी तुझ्या कपाळात घातला. त्याबद्दल सॉरी म्हणणार नाही.

आता मशीन चालू झालं की ती सेवा आपोआप सुरू होईल, असं सेटिंग करून ठेवलंय. बंद-चालू करून बघितलं, प्रिंट येते. माझ्यावाचून तुझं अडणार नाही. काउंटरवरचं रक्त पुसलेलं नाही. थोडं तुझं आहे, थोडं माझं. तूच पूस.

मी सीवूड्सला ताईकडे आहे. न्यायला येणार असशील तर आधी खालून हाक मार. आणि स्टेपलर दुकानात शोधत बसू नकोस, तो मी सोबत नेलाय.

भावना