राज्य द्यायचं राहिलंय

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
बुधवार, गॅलरीतलं ऊन जायच्या आत

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला गोड मानून घे.)

तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र चालतं का? फोनवर मी तब्येत विचारतो आणि तू मिरजेतल्या वांग्यांचा भाव सांगतेस, म्हणून पत्र लिहायला घेतलं. इकडे सगळे खुशाल. उन्मेष त्याच्या मंत्रालयात खुशाल, सूनबाई हेमांगी तिच्या ऑफिसात खुशाल, नात इशिता मोबाइलमध्ये खुशाल. मी मात्र एक निश्चय केला आहे. येत्या रविवारी सकाळी मी खाली बागेत विषामृत खेळणार आहे. उन्मेषने बंदी घातली आहे आणि माझे कॅनव्हासचे बूट कुठेतरी लपवले आहेत. तरी खेळणार.

आता मुळापासून सांगतो. (तू म्हणशील, याचं मूळ म्हणजे अर्धा तास. असू दे.) नीला गेल्यापासून मी रोज सकाळी बागेतल्या बाकावर बसतो. तिथे माझ्यासारखे, मुलांच्या सरकारी क्वार्टरात राहायला आलेले पुष्कळ आहेत. लखनौचे निवृत्त अधिकारी मिश्राजी, लुधियान्याचे चड्ढासाहेब आणि आणखी तिघेचौघे. सगळी सुशिक्षित, सज्जन माणसं. पण बोलणं काय, तर कोणाची साखर किती आणि कोणाचं प्रोस्टेट कसं. हिवाळ्याचं इतकं लोण्यासारखं ऊन, त्यात ही चर्चा! परवाच्या रविवारी मला एकदम आपलं मामलेदार कचेरीमागचं मैदान आठवलं. परकराचा काचा मारून धावणारी तू आठवलीस, आणि तोंडात मैदानावरच्या धुळीची चवच आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चलो, कुछ खेलते हैं."

चड्ढासाहेब म्हणाले, "ताश?"

मी म्हणालो, "नहीं जी. भागने वाला."

नियम समजावले. ज्याच्यावर राज्य, त्याने पकडायचं. तो ज्याला शिवेल त्याला विष, त्याने जागच्या जागी थांबायचं. दुसऱ्या गड्याने शिवलं की अमृत, सुटका. सोपं आहे की नाही? पण आक्का, 'राज्य' या शब्दाला हिंदीत काय म्हणतात ते मला आयत्या वेळी आठवेना, आणि मी सरळ जाहीर केलं, "मिश्राजी, आपके ऊपर राज्य आया है!"

मिश्राजींनी मफलर नीट केला. "कौन-सा राज्य?"

(बिचाऱ्याची सगळी हयात फायली पुढे सरकवण्यात गेली. शेवटी कुठेतरी नेमणूक झाली असं वाटलं असेल.) मी म्हटलं, "अजी, राज्य मतलब, अब आपको सबके पीछे भागना है." त्यावर ते फार विचार करून म्हणाले, "वो तो हम पैंतीस साल भागे हैं."

या गावात ज्याला त्याला राज्य पाहिजे असतं, आणि आपल्या खेळात ते ज्याच्यावर येतं त्याचीच दमछाक होते! आपली भाषा किती शहाणी आहे, या विचारात मी इतका रमलो की मिश्राजींनी मलाच शिवलं. पहिला सापडलो मीच, म्हणून दुसऱ्या डावात राज्य माझ्यावर.

काय धावलो म्हणून सांगू! म्हणजे बघणाऱ्याला ते चालणंच वाटलं असेल, पण आतून मी धावत होतो. एकेकाला विष देत सुटलो. गंमत अशी, की या वयात विष फार लोकप्रिय आहे. मिश्राजींना अमृत द्यायला एकजण गेला, तर ते त्याला हात जोडून म्हणाले, "रहने दीजिए भाई, हम विष में ही ठीक हैं." शेवटी उरले एकटे चड्ढासाहेब. त्यांच्या मागे मी, वाटेत चड्ढावहिनी चादर पसरून मटार सोलत बसलेल्या. चड्ढासाहेब चादरीला वळसा घालून गेले. मी गेलो नाही.

"भाई साब," वहिनी ओरडल्या, "मटर छीलने थे, पीसने नहीं थे!"

सगळी बाग हसली. मीही हसलो, आडवा पडूनच, दाण्यांमध्ये. (इतकं कधी हसलो होतो ते आठवायला गेलो तर नीलापाशी जाऊन थांबलो.) पण उन्मेषने गॅलरीतून पाहिलं होतं. तो स्लिपरवरच खाली आला आणि मला कोपराला धरून, सगळ्यांच्या देखत, वर घेऊन गेला.

"बाबा, यार, चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत तुम्हाला. काही मोडलं असतं म्हणजे? हे काय खेळायचं वय आहे?"

मी त्याला शांतपणे शार्दूलविक्रीडित वृत्त समजावून सांगितलं. म-स-ज-स-त-त-ग. अर्थ काय? वाघाचं खेळणं. ज्याने हे नाव ठेवलं त्याने वाघाला खेळायला लावलं आहे, वाघाच्या पिल्लाला नाही.

उन्मेष म्हणाला, "वाघ मटारात पडत नाही, बाबा."

(उत्तर चांगलं होतं. वृत्तात बसलं नसतं, पण चांगलं होतं.) त्याचं भय मला कळतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आता बाप उड्या मारतो. पण आक्का, या घरात मला भाजी आणू देत नाहीत, वीजबिल भरू देत नाहीत, इस्त्रीचे कपडे मोजू देत नाहीत. सगळे माझ्याशी गोड वागतात. मी लिंबूटिंबू झालो आहे. (इशिताला शब्द सांगितला तर म्हणाली, "आजोबा, ही कुठली कोल्डड्रिंक?") लिंबूटिंबू आऊट होत नाही हे खरं, पण त्याच्यावर कधी राज्यही येत नाही, म्हणजे तो खेळात नसतोच. त्या रविवारी दुपारी मी तिसरी पोळी मागून घेतली. हेमांगीने ती वाढली आणि वर चौथीही टाकली. डॉक्टरांच्या टॉनिकने हे दोन वर्षांत जमलं नव्हतं.

आणि मुख्य मुद्दा असा की माझं राज्य अर्धवट राहिलं आहे. चड्ढासाहेब रोज सकाळी खालून हाक मारतात, "दिनकरजी, हमारा राज्य कब दे रहे हैं?" येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत असेल, मी पंजाब दाबून बसलो आहे. राज्य न देता घरी पळालेल्या दामूला तू ताटावरून उठवून मैदानावर आणलं होतंस. तुझा भाऊ कोणत्या तोंडाने बाकावर बसेल? तेव्हा रविवारी हा डाव पुरा होणार म्हणजे होणार.

घरातल्या सर्वांस यथायोग्य. मिरजेची थंडी बेताची असेल, तरी कानटोपी घालत जा.

तुझा,
दिनकर

ता. क. : एक बारीकसं काम होतं. उन्मेष या जगात फक्त त्याच्या आत्याला भितो. पत्र स्पीडपोस्टने पाठवतो आहे, तेव्हा शनिवारपर्यंत त्याला एक फोन कर आणि बूट द्यायला सांग. तुला नुसतं बोलायचं आहे, ऐकायचं नाही, त्यामुळे यंत्राची अडचण नाही. मी लिहिलं हे सांगू नकोस.

ता. क. दुसरा : गुडघ्याला सूज आहे, पण ती जुनीच आहे. (रविवारपासूनची म्हणजे जुनीच.)

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार, एवढ्यात हेमांगीकडून कळलं की उन्मेषने तुला सोमवारीच फोन केला होता आणि बूट लपवायची युक्ती तुझीच. धन्य आहे! वरची विनंती रद्द. मी अनवाणी खेळेन. हेमांगी म्हणते, गुडघ्याला पट्टा बांधून देते आणि चड्ढासाहेबांना कोपऱ्यात घेरायला स्वतः येते. तू मार्चमध्ये येते आहेसच. आल्या दिवशी पहिलं राज्य तुझ्यावर. वयाची सबब चालणार नाही. काठीने शिवलेलं धरू.