एकोणीस मुलांचा प्रस्ताव

३ जानेवारी
गडचिरोलीहून परत. तिसरी खेप. या वेळी शिक्षण विभागात साहेब जागेवर भेटले. नोटीस ग्रामसभेचे अध्यक्ष म्हणून चैतूभाऊंच्या नावे आहे. शाळा अनधिकृत, तात्काळ बंद करावी.
साहेब म्हणाले, "कोणाला विचारून शाळा सुरू केली?"
चैतूभाऊ म्हणाले, "तुमची बंद केली तवा आमाले कोनं इचारलं होतं?"
मला वाटलं आता हाकलतील. साहेब हसले. म्हणाले, ग्रामसभेच्या शाळांसाठी शासनाचं धोरणच नाही, पण वर विचार चालू आहे. नीट प्रस्ताव आला तर उदाहरण म्हणून मुंबईला पाठवतो. चार पानी नमुना दिला.
एसटीत चैतूभाऊ दोनदा म्हणाले, "नीट लिव बाबू. एकच डाव हाय."

६ जानेवारी
मागणी लिहिली. तीनदा खोडली. शेवटी अशी: पट कमी म्हणून जिथे जि.प. शाळा बंद झाली, तिथे ग्रामसभेच्या शाळेला मान्यता द्यावी. एक शिक्षक द्यावा. पहिली दोन वर्षं गोंडीतून शिकवू द्यावं. बंद इमारत परत द्यावी.
इमारतीत सध्या शेळ्या. मुलं गोटुलात बसतात, जिथे गावाची बैठक भरते तिथेच. तीन वर्षं झाली. बैठक असली की शाळा आंब्याखाली.
शिकवणारे दोघे. शेवंताताई डी.एड., नागभीडकडची. मी नववीपर्यंत. शिक्षक म्हणून माझं नाव घालायचं की नाही? 'मदतनीस' लिहिलं.

८ जानेवारी
मुलांचा तक्ता पूर्ण. १९ मुलं. नाव, जन्मतारीख, हजेरीचे दिवस, आधार क्रमांक. आधारच्या रकान्यावर 'असल्यास' लिहिलं होतं. सगळ्यांचे होते. घरोघर जाऊन उतरवले, दोनदा ताडून पाहिले.
शेवंताताई म्हणाली, "येवढं कशाले देतेस? मागतलं तेवढंच दे."
मी म्हटलं, रिकामं दिसलं तर त्यांना वाटेल मुलं खोटी आहेत.
"तू ना, लग्नाच्या पत्रिकेतही आधार नंबर टाकशील."
हसली. मीही हसलो.

९ जानेवारी
प्रस्ताव दिला. पोच घेतली.
सात मुलांची नावं अजून आश्रमशाळेच्या पटावर आहेत. इथून चाळीस कि.मी. गावात सगळ्यांना माहीत आहे. उद्या आमची शाळा राहिली नाही तर मुलांना दाखला कुठून मिळणार, म्हणून आईबापांनी नाव तिकडे राहू दिलं आणि मूल घरी आणलं. तिकडच्या मुख्याध्यापकांनाही पट हवा असतो. कोणी कोणाला विचारलं नाही. ते खातं वेगळं, हे खातं वेगळं, इमारतीसुद्धा वेगळ्या. दोन याद्या कोणी शेजारी ठेवून पाहील असं मला

असं मला वाटत नाही, एवढंच लिहितो.

२२ जानेवारी
फोन आला. आधार क्रमांक कॉम्प्युटरवर टाकल्याबरोबर सात नावं लाल आली. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, ही पोरं एकाच दिवशी दोन ठिकाणी जेवतात कशी?"
जेवलो नाही.

२४ जानेवारी
आश्रमशाळेची जीप आली. मुख्याध्यापक स्वतः. घाम पुसत होते, थंडीत. त्यांच्यावरही चौकशी लागली आहे. आठ दिवसांत मुलं हजर करा, नाहीतर नावं कापतो, म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुम्हीच का ते तक्तेवाले?"
चैतूभाऊ त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी
सातही गेली. त्यात माझ्या मोठ्या बहिणीची सोमारी, दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिकडून आणली तेव्हा अंगभर खरूज होती आणि पोर बोलायचीच नाही. गोटुलात चार महिने नुसती बसून असायची. नंतर वाचायला लागली आणि थांबेना. बिस्किटाच्या पुड्यावरचंही वाचायची.
पेटी मीच फाट्यापर्यंत नेली. बाई, म्हणजे बहीण, मागे तान्हं घेऊन. भाऊजी मिरची तोडायला तेलंगणात.
जीप वळल्यावर बाई म्हणाली, "तू लिवलं ना. आता घरी जाऊन जेव."

१२ फेब्रुवारी
हजेरी १२. शेवंताताई गाणं घेते तेव्हा आवाज कमी येतो.
आज पुन्हा गडचिरोली. साहेब म्हणाले, "बारा मुलांचं उदाहरण मुंबईला पाठवून हसं करून घेऊ का?" पण दार पूर्ण लावलं नाही. मार्चमध्ये सुनावणी ठेवतो, ग्रामसभेचा ठराव आणा, म्हणाले. सातही पालक तिकडचं नाव काढून मुलं इथेच शिकवतील, आणि सगळ्या गावाची त्याला संमती आहे, असा. मग प्रस्ताव पुढे जाईल. नाहीतर नोटीस आहेच, कुलूप.
चैतूभाऊ म्हणाले, वेळ लागेल.
"का? बहुमतानं करा ना. हात वर करायचे, मोजायचे."
"आमच्याकडं हात मोजत नाई साहेब. एक मानूस नाई म्हनला तं ठराव होत नाई."
"मग तुम्ही लोक निर्णय घेता तरी कधी?"
"बसतो. परत बसतो."

२० फेब्रुवारी
बैठक. सकाळपासून. पाच पालक हो म्हणाले. मंगरू आणि बाई, दोघे नाही.

२७ फेब्रुवारी
दुसरी बैठक. मंगरू तयार झाला. बाई एकटी.
ती गोंडीत बोलली, मराठीत तेवढं धारदार होत नाही. "ह्याच्या कागदाच्या भरोशावर मी तिकडलं नाव कापू? उद्या ह्या शाळेले कुलूप लागलं तं माही पोरगी कुठची? ना तिकडची ना इकडची. ह्याच्यासारखी. नववीपर्यंत."
कोणी हसलं. मी लिहीत होतो, मान वर केली नाही. तिचं म्हणणं कार्यवृत्तात जसंच्या तसं घेतलं. शेवटचा शब्दसुद्धा.
खरं म्हणजे तिचं बरोबर आहे. कुलूप लागणार नाही असं मी कुठे लिहून देऊ शकतो?

९ मार्च, रविवार
आश्रमशाळेत रविवारी अधीक्षकांच्या मोबाइलवर मुलांशी बोलायला देतात. बाई माझ्या फोनवरून बोलली. जेवली का. आंघोळ करते का. तान्ह्याला दात आला. तिकडून नुसता श्वास. मी फोन घेतला, म्हटलं, सोमारी, काय वाचून राह्यली? काही नाही. मग फोन दुसऱ्या मुलीने घेतला.
बाईने फोन पदराला पुसून परत दिला.

१३ मार्च
तिसरी बैठक. मोहफुलं पडायला लागली आहेत, अर्धी माणसं वेचायला. सुनावणी मंगळवारी, १८ तारखेला, ११ वाजता. ठरावाखाली बाकी सगळ्यांच्या सह्या, अंगठे झाले, न आलेल्यांचे घरोघर जाऊन. बाई आलीच नाही.
चैतूभाऊ म्हणाले, "तुही बहीन हाय. तूच जा."

१४ मार्च
बाई मोहाखालचा पाला झाडत होती. तान्हं टोपलीत. मी ठराव काढला. तिने पाहिलाही नाही.
"आधी पोरगी आन."
मी म्हटलं, आणली तर नाव कापतील. मुख्याध्यापक लिहून मागतात.
"कापू दे. तिले घरी आन. ती बोलली का मंग मी अंगठा देतो. नाई बोलली तं तुहे कागद चुलीत घालतो."
मुलगी परत न्यायचा अर्ज तिथेच लिहिला. त्यावर लगेच अंगठा दिला. ठराव तसाच माझ्या हातात.

१७ मार्च, सोमवार
आश्रमशाळा. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले. शिपाई म्हणाला उद्या या. त्यांच्या सहीशिवाय मूल सोडत नाहीत. सोमारीला खिडकीतून पाहिलं, ओळीत ताट घेऊन उभी होती. केस कापले आहेत. तिने मला पाहिलं की नाही, कळलं नाही.
इथे शेवंताताईच्या ओळखीच्या घरी मुक्काम. चैतूभाऊंना फोन केला. ते गडचिरोलीला पुढे जातात. ठराव माझ्याजवळच.

१८ मार्च, मंगळवार
आश्रमशाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. ९ वाजता आलो. मुख्याध्यापक ९.४० ला आले, अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "नाव एकदा गेलं की परत चढवणं माझ्या हातात नाही. सांगितलं नाही म्हणू नका." मग प्रार्थनेला गेले.

१०.१५. चैतूभाऊंचा फोन.
"कुठी हायेस?"
सांगितलं.
"ठराव?"
"बाईचा अंगठा बाकी आहे."
मग आवाज खाली आणून, "तुहाच मार ना बाबू. शाई हाय का नाई तुह्यापाशी? फोटो काढून पाठव, इथी झेरॉक्सवाला छापून देते. कोन पाह्यते अंगठा?"
चैतूभाऊंच्या तोंडून हे कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. तेही थकले आहेत. मी म्हटलं, भाऊ, हात मोजत नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं साहेबांना.
"हो ना," म्हणाले. "बरं. मी बसतो इथी बाहीर. पुकारलं तं काहीतरी बोलतो. तू पोरीले घेऊन ये."
शाई आहे माझ्याजवळ. अजून आहे.

१०.४५. सही झाली. दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून'. सोमारीला बोलावणं गेलं. पेटी ओढत आली, घेऊ दिली नाही मला. हडकली आहे. मनगटावर पुन्हा खरूज. मी काय काय विचारलं. जेवली का, दुखतं का. बोलली नाही.
फाट्यापर्यंत चालत आलो. एसटी साडेअकराला. बाईपर्यंत पोहोचायला दुपारचे दोन. चैतूभाऊंचा फोन लागत नाही. आत गेले असतील.

११.२०. फाट्यावर, पेटीवर बसून. ठराव गुंडाळून शर्टात ठेवला होता, घामाने एक कोपरा ओला झाला. उघडून वाळवत होतो तर सोमारी वाकून बघायला लागली. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले. आवाज नाही. दुसरी ओळ. मी कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. मध्येच, 'संमती' या शब्दावर, बोट थांबलं.
एसटी येताना दिसते आहे.